अण्णांचा घाम

आमचे घरमालक रोज सकाळी अंगणात उभे राहून बनियन पिळायचे. धुतलेलं नव्हे, अंगातून नुकतंच काढलेलं. त्यासाठी एक जुनं पितळी पातेलं तुळशीच्या कट्ट्याखाली ठेवलेलं असे. पिळून झालं की ते पातेलं येणाऱ्याजाणाऱ्यापुढं धरत आणि म्हणत, "बघा, हे समदं अंगठ्यात हुतं."

शहापुरातलं ते घर भाड्यानं बघायला आम्ही गेलो, तेव्हा माझ्यापुढंही धरलं. मी हायस्कुलात गणित शिकवतो. समोर काय चाललंय ते न कळता मान डोलवायची सवय मला शाळेच्या तपासण्यांनी लावली आहे. मी वाकून पातेल्यात बघितलं आणि "बरंच निघालं की" म्हणालो. बायकोनं नाकाला लावलेला पदर घर ठरेपर्यंत काढला नाही. तरी घर घेतलं, कारण परसात विहीर होती, तिचं पाणी गोड होतं आणि ऐन उन्हाळ्यातही आटत नव्हतं. अर्धी गल्ली तिथनं घागरी भरून न्यायची. विहिरीचा मालक मात्र त्या पाण्यानं चूळ भरायचा आणि थुंकायचा. पोटात जाऊ द्यायचा नाही.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला आक्का, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. अण्णांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यात गाऊट होता. रक्तात युरिक ॲसिड वाढतं, त्याचे काचेच्या चुऱ्यासारखे खडे सांध्यात जाऊन बसतात आणि एखाद्या सकाळी अंगठा असा सुजतो की त्यावरनं पातळाचा पदर फिरला तरी माणूस ओरडतो. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, वजन उतरवा, व्यायाम करा आणि भरपूर पाणी प्या. अण्णांनी त्यातला व्यायाम उचलला आणि पाणी सोडून दिलं. त्यांच्या मते दोन्ही एकत्र करणं म्हणजे वेडेपणा होता. घाम काढून वर पाणी प्यायचं, म्हणजे पोतं रिकामं करून लगेच भरायचं.

हे डोक्यात कुठनं आलं, ते घराच्या मागची शेड बघितल्यावर समजायचं. एके काळी तिथं चार माग होते. आम्ही राहायला गेलो तेव्हा दोन उरले होते, आणि अण्णा-आक्का दोघं मिळून ते चालवायची. साड्या विणायची. अण्णा मागावर, आक्का आडव्या धाग्याच्या कांड्या भरायला. शेडला खिडक्या होत्या, पण बंद. छताला पंखा होता, त्याला कापड गुंडाळलेलं. वारा लागला की रेशमासारखा धागा सुकतो, उडतो आणि तुटतो. एक धागा तुटला की माग थांबवून तो शोधून गाठ मारावी लागते. म्हणून अण्णा दिवसातनं कितीतरी वेळा बादली घेऊन शेडच्या जमिनीवर पाणी शिंपायचे. जमीन ओली, हवा दमट, धागा खुशीत. आणि माणूस त्यात दिवसभर निथळतोय, पण प्यायचं नाव नाही, कारण पाणी प्यालं की उठावं लागतं आणि उठलं की माग उभा राहतो. अण्णांच्या वडलांनी त्यांना लहानपणीच सांगून ठेवलं होतं की लघवीला उठणारा तो विणकर नव्हे. शहापुरातल्या जुन्या विणकरांना हे सांगावं लागत नाही. त्यांच्यात तहान ही पोरासोरांची गोष्ट समजतात.

तर असा हा माणूस. साठीला आलेला, पोट सुटलेला, तहान विसरलेला. सकाळी माग सुरू करायच्या आधी शेडचं दार लावून घ्यायचे, अंगात बनियन, त्यावर लोकरी स्वेटर, त्यावर प्लॅस्टिकचा रेनकोट घालायचे आणि जोर-बैठका काढायचे. मे महिन्यातसुद्धा. बाहेर आले की भट्टीतनं काढलेल्या विटेसारखे दिसायचे. मग ते पातेलं.

गल्लीला याची फार मजा वाटायची. दूध घालणारा मुद्दाम थांबायचा. कोपऱ्यावरचा पानवाला गिऱ्हाइकाला घेऊन यायचा. कुणी म्हणायचं, "अण्णा, आज माल कमी दिसतोय," की अण्णा खवळून परत शेडमध्ये शिरायचे. विक्षिप्त माणसाच्या गोष्टी सांगायला सगळ्यांना आवडतं. त्याच्या घरात राहावं लागत नाही ना. मीसुद्धा सुरुवातीला निपाणीला आईकडं गेलो की अण्णांची नक्कल करून दाखवायचो. आमच्या निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणारी माणसं घरीदारी बसलेली असायची, ती हसून हसून खोकायची.

मग माझाही अंगठा धरला.

माझा उजवा. शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर शिक्षकांसाठी मटणाचा बेत होता, आणि मी त्या बेताशी प्रामाणिक राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी फळ्यापर्यंत लंगडत गेलो तर मागच्या बाकावर कुणीतरी ढोलकीचा ठेका धरला. घरी आलो तर अण्णा दारात. माझा अंगठा बघून त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी नोकरीत कायम झालो त्या दिवशी माझ्या वडलांच्याही चेहऱ्यावर नव्हता. त्यांना इतकी वर्षं प्रेक्षक मिळाले होते, शिष्य मिळाला नव्हता.

सूज उतरल्यावर त्यांनी मला शेडमध्ये नेलं. मी गेलो. बायको म्हणाली, "दोन अंगठ्यांत मिळून एक अक्कल न्हाय." मला त्यांचा जुना स्वेटर मिळाला. तो अंगात चढवताना माझ्याकडं बघवत नव्हतं, असं आक्का नंतर बायकोला म्हणाल्या. माग बंद, दार बंद, पायाखाली शिंपलेली ओली जमीन, आणि अण्णा समोर बसून मला बैठका मोजायला लावताहेत. गणिताचा मास्तर असून माझी मोजणी फार पुढं कधी गेली नाही. थोड्याच दिवसांत एका सकाळी डोळ्यांपुढं काजवे आले आणि मी सुताच्या गाठोड्यावर जाऊन बसलो. बसलो म्हणजे पडलोच.

आक्का तांब्या घेऊन आल्या. "प्या गुमान," म्हणाल्या.

मी घटाघटा प्यालो. अण्णा देवाचा नैवेद्य उष्टावणाऱ्याकडं बघावं तसे माझ्याकडं बघत होते. "बुडीवला समदा घाम," एवढंच म्हणाले, आणि दार उघडून निघून गेले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा आक्कांना नीट बघितलं. बारीक अंगाची, कांड्या भरून भरून बोटांना घट्टे पडलेली बाई. तांब्या परत घेताना त्यांनी उरलेलं पाणी तिथंच, पाठ फिरवून, पिऊन टाकलं. तेही भराभर. मी बायकोला ते सांगितलं तर ती म्हणाली, तुला आत्ता दिसतंय होय? मग तिच्याकडनं कळलं. शेडमध्ये असताना आक्कांनीही पाणी प्यायचं नाही, असा अण्णांचा नेम होता. त्या उठल्या की मागाच्या खटखटाटातनं अण्णांचा आवाज यायचा, "उठलीस व्हय पुन्यांदा?" म्हणून आक्कांनी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागं फुलपात्र भरून ठेवलेलं असायचं. भाकरी बघायला जाते म्हणून सांगायच्या आणि पिऊन यायच्या. लघवीला आग होते म्हणून बायको त्यांना दोनदा दवाखान्यात घेऊन गेली होती. अण्णांना सांगितलं होतं, बाजारात जातोय.

यानंतर मला अण्णांची नक्कल करता आली नाही.

मी गाऊटवर ज्या डॉक्टरांकडं जायला लागलो होतो, त्यांच्याकडं अण्णांनाही न्यायचं मी आणि आक्कांनी ठरवलं. चौघं रिक्षातनं गेलो. अण्णा नको नको म्हणत होते, पण तिथं आपली पद्धत डॉक्टरला समजावून सांगता येईल अशी त्यांना आशा होती. खरंच त्यांनी ती सांगितली, स्वेटरपासून पातेल्यापर्यंत. डॉक्टर तरुण होता, कानडी. शांतपणे ऐकून घेतलं, रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि विचारलं, अंगठा दुखला की काय घेता? अण्णांनी खिशातनं गोळ्यांची पट्टी काढली. मेडिकलवाल्याकडनं आणलेल्या, दुखणं मारायच्या. डॉक्टरनं ती पट्टी त्यांच्या हातातनं काढून घेतली, या गोळ्या किडनी खातात म्हणाला.

मग त्यानं सांगितलं ते आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून आधी कानडीत आणि मग मोडक्या मराठीत सांगितलं. घामातनं जातं ते बहुतेक पाणी. ॲसिड मागंच राहतं, आणि पाणी आटलं की ते दाट होतं, त्याचे खडे बनतात. ते बाहेर काढायचं काम किडनीचं आणि किडनीला पाणी लागतं. व्यायाम करा, पण हलका, मोकळ्या हवेत, आधी पाणी पिऊन आणि नंतर पाणी पिऊन. अंगठा सुजलेला असताना अजिबात नाही. "नीरु कुडीरी," म्हणाला, पाणी प्या. आणि आक्कांकडं बघून म्हणाला, आत्ताच किडनी दमलेली आहे, हे असंच चाललं तर राहणार नाही.

आक्कांचा हात रिक्षातनं परत येईपर्यंत कपाळावर होता. सीमाभागात राहायचा एक फायदा असतो, माणसाला एकच गोष्ट दोन भाषांत सांगता येते. अण्णांनी ती दोन्ही भाषांत ऐकली नाही. रिक्षा शहापुरात वळल्यावर म्हणाले, "प्वॉर तरणं हाय. त्यानं कधी माग चालिवलाय?"

मी सुधारलो. सुधारलो म्हणजे घाबरलो. शाळेत पाण्याची बाटली न्यायला लागलो, संध्याकाळी तळ्याच्या बाजूनं चालायला लागलो, मटण कमी केलं आणि कमी केल्याचं सगळ्यांना सांगत सुटलो. अण्णा मला बाटलीतलं बाळ म्हणायला लागले. गल्लीनंही ते नाव उचललं. मला राग आला नाही असं नाही, पण माझा अंगठा गप्प होता आणि त्यांचा नव्हता.

आक्का मात्र त्या दिवसापासून पाण्यासाठी लढायला लागल्या. त्यांनी आयुष्यात नवऱ्याकडं दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नाही. सकाळी शेडच्या दारात तांब्या घेऊन उभ्या राहायच्या. अण्णा दार लावून घ्यायचे. ताकात, आमटीत, भातात पाणी जास्त घालायच्या. अण्णांना कळलं की ताट सारायचे. एकदा अण्णा बादलीनं जमीन शिंपत होते आणि आक्का दारात उभ्या होत्या. आम्ही आमच्या खोलीत होतो, मधली भिंत पातळ. आक्का कधी आवाज चढवायच्या नाहीत. तेव्हाही चढवला नाही.

"धाग्याला पाणी लागतंय ते कळतंय तुमास्नी," त्या म्हणाल्या. "मग माझंच म्हणणं का कळंना?"

अण्णा बादली पुरती रिकामी होईपर्यंत शिंपत राहिले.

लोक म्हणतात त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही. मी त्यांना विचारतो, अजून कसं सांगायचं असतं?

उचगावची गोष्ट त्यानंतरची. तिथल्या देवीला मंगळवारी-शुक्रवारी नवस फेडायला माणसं जातात आणि झाडाखाली चुली मांडून मटण शिजवून तिथंच जेवतात. अण्णांच्या भावकीतल्या कुणाचा तरी नवस होता. मटण म्हणजे गाऊटला आवतण, हे अण्णांनाही ठाऊक होतं. पण त्यांनी तोड काढली. आदल्या दिवसापासून पाणी बंद, आणि सगळी मंडळी टेम्पोनं गेली तेव्हा हे शहापुरातनं उचगावपर्यंत चालत निघाले. एप्रिलचं ऊन. अंगात स्वेटर आणि रेनकोट. म्हणजे आधी घाम काढून जागा करायची आणि मग त्या जागेत मटण घालायचं. मी सुट्टी होती म्हणून टेम्पोत होतो. वाटेत ते दिसले तेव्हा ड्रायव्हरनं टेम्पो हळू केला. आक्का खाली वाकून म्हणाल्या, बसा की. अण्णांनी हात नुसता पुढं केला, म्हणजे चला तुम्ही. टेम्पोतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. मला ते हात अजून दिसतात.

पोचले ते ओठांवर पांढरी साय धरलेले. पोचल्या पोचल्या जेवायला बसले. तांबडा रस्सा वाटीवर वाटी प्याले आणि म्हणाले, "हे बी पाणीच हाय की गं." सगळी पंगत हसली. आक्का हसल्या नाहीत. त्या वाढत होत्या.

संध्याकाळी परत येताना अण्णा टेम्पोत आडवे होते. डावा अंगठा, घोटा आणि गुडघा, तिन्ही एकदम धरले होते. टेम्पो खड्ड्यातनं गेला की ओरडत होते, आणि सकाळी टाळ्या वाजवणारे बाहेरची शेतं बघत होते. पुढचे काही दिवस त्यांनी त्या गोळ्या चण्यासारख्या खाल्ल्या. डॉक्टरनं पट्टी काढून घेतली होती, पण मेडिकलचं दुकान काढून घेतलं नव्हतं. आक्का गोळ्या लपवायच्या, तर पानवाला आणून द्यायचा. अण्णांचे दोस्त सगळे.

सूज उतरली, पण दुसरीकडं आली. तोंडावर, पापण्यांवर. लघवी कमी झाली. आधी अण्णांना वाटलं, घामानं काम केलं. आता लघवीला काही शिल्लकच राहिलं नाही. हे त्यांनी मला हसत सांगितलं.

दवाखान्यात दाखल केलं तेव्हा किडन्या गेलेल्या होत्या. आठवड्यातनं ठराविक दिवशी डायलिसिस सुरू झालं. आक्का त्यांना घेऊन जायच्या, दिवसभर बाकावर बसून राहायच्या, घेऊन यायच्या. लेक इचलकरंजीला दिलेली, ती येऊन जाऊन असायची. माग बंद झाले. शेडमधली जमीन कोरडी पडली, तिला भेगा गेल्या, मागावर चढवलेली साडी तशीच अर्धी राहिली.

आणि तिथल्या डॉक्टरांनी आक्कांना बाजूला बोलावून सांगितलं की आता पाणी मोजून द्यायचं. चहा, ताक, आमटी सगळं त्यातच धरायचं. लघवी होत नाही, प्यालेलं पाणी छातीत साठेल. आक्कांना वाटलं आपल्याला ऐकू चुकीचं आलं. माझ्या बायकोला घेऊन परत आत गेल्या, परत विचारलं. डॉक्टरांनी परत तेच सांगितलं.

त्याच सुमारास अण्णांना तहान लागली.

चाळीस-पन्नास वर्षं दाबलेली तहान एकदम वर यावी तशी. पहाटे उठले की पाणी, चूळ भरली की पाणी. विहिरीवर कुणी घागर बुडवली की तो आवाज ऐकून माजघरातनं हाक यायची. आक्कांनी विहिरीवर येणाऱ्या बायकांना दुपारी यायला सांगितलं, अण्णा झोपलेले असताना. बाथरूमचा तांब्या काढून ठेवला, कारण एकदा ते आंघोळीचं पाणी पिताना सापडले. त्या स्वयंपाकघराला कडी लावायच्या आणि कडीपाशी बसून भाजी निवडायच्या.

मी एकदा दुपारी बसायला गेलो होतो. अण्णा कॉटवर होते. हात बारीक, पोट आणि पाय सुजलेले. आक्कांनी लहानशा वाटीत पाणी आणलं, दोन घोट असेल. अण्णांनी वाटी दोन्ही हातांत धरली. पहिला घोट तोंडात कितीतरी वेळ फिरवला. मग गिळला आणि माझ्याकडं बघितलं. डोळे लहान मुलासारखे.

"लई ग्वाड हाय वो, मास्तर," म्हणाले. "आमच्या हिरीचंच हाय न्हवं?"

मी हो म्हणालो. दुसरा घोट घेतल्यावर त्यांनी वाटी आक्कांपुढं धरली, अजून थोडं म्हणून. आक्कांनी ती घेतली, पदरानं कोरडी केली आणि आत गेल्या. अण्णा मला सांगायला लागले की ही बाई अशी नव्हती, आता लई कडक झालीया. मला त्यांची कीव आली नाही. खरं सांगायचं तर त्या घटकेला मला त्यांचा इतका राग आला की मी पेपर तपासायचे आहेत म्हणून उठून आलो.

पावसाळा सरताना ते गेले. सकाळी, डायलिसिसला निघायच्या आधी, रिक्षा दारात उभी असताना.

गल्ली जमली. दूध घालणारा, पानवाला, भावकी, उचगावला टाळ्या वाजवलेले सगळे. माणूस जन्मभर कष्टाचा, शेवटपर्यंत व्यायाम सोडला नाही, असा घाम गाळणारा आता कुणी राहिला नाही, असं अंगणात उभी राहून एकमेकांना सांगत होती. मयताच्या दारात खरं बोलायची आपल्यात पद्धत नाही.

अण्णांना पुढच्या सोप्यात आणून ठेवलं. आपल्याकडं न्यायच्या आधी तोंडात शेवटचं पाणी घालतात. तांब्या भरला, त्यात तुळस टाकली, पळी ठेवली, आणि एकेकजण पुढं होऊन पाणी घालायला लागला. आधी लेक, मग जावई, मग भाऊबंद, मग शेजारी. रांग अंगणापर्यंत गेलेली. पळीमागून पळी. ओठांतनं पाणी ओघळून मानेखालच्या चादरीत मुरत होतं. चादर भिजली तरी माणसं येतच होती.

आक्का उशाशी बसल्या होत्या. इतका वेळ त्या कुणाकडं बघतही नव्हत्या. पानवाल्यानं पळी भरून वाकवली, आणि आक्कांनी हात पुढं करून त्याचं मनगट धरलं.

"बास करा," त्या म्हणाल्या. "त्यास्नी पाणी चालत न्हाय."

लेक "आये" म्हणून त्यांना बिलगली, पण त्यांनी मनगट सोडलं नाही. पानवाल्याची पळी तशीच कलती राहिली आणि तिच्यातलं पाणी थेंब थेंब आक्कांच्या हातावर पडत राहिलं. त्याच्या मागं मी उभा होतो. पुढं व्हायचं की बाहेर जायचं, ते मला कळेना.